तीन दुकानं राहिली होती

कारागृह,
११ फेब्रुवारी २०२४

दीपमाला मॅडम यांस,

नमस्कार. पाकिटावरच्या शिक्क्यावरून पत्र कोणाचं ते कळलं असेल. मी निकेश, सिंदी रेल्वेचा. २२ जुलै २०२१ रोजी तुमच्या आरोग्य केंद्रात तुमाले आणि बाबाराव शिपायांना मारणारा. सात वर्षांची शिक्षा लागली, त्याले तीन महिने झाले. अपील केलं नाही.

माफी मागायला लिहीत नाही. वकिलानं कोर्टात माग म्हटलं होतं, तेव्हाही मागितली नाही. मनात नव्हती. आता आहे की नाही, ते मले सांगता येत नाही.

इथं कैद्यांसाठी बाहेरून शिकायचे अभ्यासक्रम आहेत. मी मालाचा पुरवठा आणि वाहतूक हा विषय घेतला. धंदाच तो होता माझा. बिस्किट, साबण, चहापत्तीची एजन्सी, एक पिकअप गाडी, सिंदी ते सेलूपर्यंत बेचाळीस दुकानं. पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यात राखीव साठा आहे. माल मागवल्यापासून पोचेपर्यंत जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांचा खप हाती पाहिजे, आणि वर थोडा जास्त, कारण गाडी कधीही अडते. मले हे कोणी शिकवलं नव्हतं, पण बारा वर्षं मी हेच करत होतो. माझ्या एकाही दुकानात बिस्किटचा पुडा कधी संपला नाही.

ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. आठ दिवस उघडलं नाही.

एकच विचारतो. त्या दिवशी तुमच्या फ्रिजमध्ये सापाच्या इंजेक्शनच्या किती बाटल्या होत्या? कोर्टात फक्त 'साठा उपलब्ध नव्हता' एवढं आलं. भर पावसाळा, सारी माणसं कपाशीत अन् सोयाबीनमध्ये, अन् साठा नव्हता. काऊन?

निकेश


३ मार्च २०२४

निकेश,

तुमचं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. विचारलंय म्हणून सांगते. शून्य.

तुमची बायको काजल पावणेतीनला आली. तुम्ही तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. पापण्या मिटलेल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टर लसीकरणाच्या शिबिराला गेले होते. मी औषधनिर्माता आहे, डॉक्टर नाही. मी १०८ला फोन केला, ऑक्सिजन लावला, फ्रिज उघडून तुम्हाला रिकामा कप्पा दाखवला. तो दाखवला नसता तर कदाचित वेगळं झालं असतं. तीन वाजून दहा मिनिटांनी ती गेली. गाडी आली साडेतीनला.

त्या वीस मिनिटांत तुम्ही काय केलं ते आता मी सांगते, कारण सरकारी वकिलानं ते पाच प्रश्नांत उरकलं. तुम्ही माझे केस धरून माझं तोंड औषधांच्या कपाटावर आपटलं. काच फुटली. डावा डोळा तिथंच गेला. मी खाली पडले तर तुमच्या हमालानं, गुलाबनं, माझ्या हातावर पाय दिला आणि तुम्ही सलाईनचा लोखंडी स्टँड त्याच हातावर मारला. तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शिव्या होत्या, त्यात जातीवरच्या होत्या. त्या मी कोर्टात सांगितल्या, इथं लिहीत नाही.

बाबारावमामा मध्ये आले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात फरशी पुसायचा दांडा. "मारू नका भाऊ, पोरगी हाये ते," एवढंच म्हणाले. स्टँडचा बुडखा त्यांच्या कानामागं बसला. ते चौदा दिवस जगले. त्या चौदा दिवसांत त्यांनी एकदाही कोणाला ओळखलं नाही. त्यांचा मुलगा अश्विन रोज त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचा, आणि ते बाहेर यायचं.

उत्तर मिळालं असेल. पुन्हा लिहू नका.

दीपमाला


कारागृह,
२८ मार्च २०२४

दीपमाला मॅडम,

लिहू नका म्हटलं तरी लिहितो. फाडून टाका.

तुम्ही लिहिलं त्यातलं काहीच खोटं नाही. तीनदा मारल्याचं मले आठवत नव्हतं. एकदा आठवत होतं.

इथं या महिन्याच्या सुरुवातीले एकानं मले 'दवाखानेवाला' म्हणून हाक मारली. मी त्याचं डोकं नळाच्या कठड्यावर आपटलं. कान फाटला त्याचा. म्हणजे मी सुधरलो वगैरे समजू नका. बारा दिवस मले वेगळं ठेवलं. तिथं कामधंदा नव्हता, म्हणून तुमच्या फ्रिजचाच विचार केला.

मॅडम, एजन्सीत आम्ही दोन डब्यांचा हिशोब ठेवायचो. प्रत्येक मालाचे दोन खोके. विकायचं ते पहिल्यातून. पहिला संपून दुसऱ्याले हात लागला, की त्याच घडीले मागणी. महिन्याच्या शेवटाची वाट पाह्यची नाही. दुसरा खोका केवढा, तर नवा माल यायला लागतील तेवढ्या दिवसांचा. दुकानदार अडाणी असला तरी त्याले हे समजते, कारण मोजावं लागत नाही. डोळ्यालेच दिसते.

तुमच्याकडं मागणी कोण करते? कधी? अन् माल यायला किती दिवस लागतात? जुलैमध्ये ती केव्हा गेली होती? हे कोर्टात कोणीच विचारलं नाही, माझ्या वकिलानंही नाही. त्याले फक्त मी रागाच्या भरात होतो, एवढंच सिद्ध करायचं होतं.

निकेश


२ जून २०२४

निकेश,

मी पुन्हा लिहिणार नव्हते. तरी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मी केली, हे आधी सांगते. एप्रिलमध्ये फ्रिजमध्ये दोन डबे ठेवले. दुसऱ्यावर लाल चिकटपट्टी, आत वीस बाटल्या. आमच्याकडे माल यायला सहा ते आठ दिवस लागतात. पेरणीपूर्व मशागत सुरू झाल्यापासून चार माणसं सापाची आली. चारही घरी गेली. लाल डबा एकदा उघडावा लागला, त्याच दुपारी मी मागणी पाठवली आणि स्वतः वर्ध्याला जाऊन माल घेऊन आले.

हे अश्विनला कळलं. बाबारावमामांच्या जागी तो आता आमच्याकडेच शिपाई आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये त्याला तुमची पत्रं सापडली. त्यानं ती माझ्या समोर धरली.

"माह्या बापाले मारणाऱ्याकडून तुमी शिकून राह्यल्या?"

मी म्हटलं, "माणसं वाचून राह्यली ना अश्विन."

त्यानं दोन्ही डबे उचलले आणि भिंतीवर फेकले. सव्वीस बाटल्या फुटल्या. फरशीवर काच आणि ओल पसरली, आणि तो त्याच काचेवर अनवाणी उभा राहून मला म्हणाला, "तो सुटू द्या. मी त्याले तुमच्याच स्टँडनं मारीन." त्याच्या पायातून रक्त येत होतं. मी खाली बसून काच काढली. त्यानं काढू दिली. तोडफोडीची तक्रार मी केली नाही. बाटल्या हातून पडल्या असं लिहिलं. हे माझं दुसरं खोटं.

पहिलं आता सांगते. हे पत्र तुरुंगात उघडून वाचतात, ते मला माहीत आहे. वाचू द्या.

जुलै एकवीसमध्ये माझ्याकडे दहा बाटल्या होत्या. १३ तारखेला शेजारच्या केंद्रातून फोन आला. त्यांच्याकडे मनकर्णाबाई नावाची बाई आली होती, विहिरीवर साप चावला होता. त्यांचा साठा संपलेला. मी दहाच्या दहा दुचाकीवर पाठवल्या. ना चिठ्ठी, ना नोंद. ती बाई जगली. शेळ्या राखते अजून.

मागणी मी त्याच दिवशी पाठवायला हवी होती. पाठवली नाही. आमच्याकडं काय व्हायचं ते ऐका. वीस मागितल्या की वरून दहाच यायच्या, म्हणून सगळी केंद्रं चाळीस मागायची. सगळे फुगवून मागतात हे वरच्यांना कळलं, की ते अजून कापायचे. कोणाला खरी गरज किती, हे कोणालाच कळत नव्हतं. मला दुसऱ्या औषधांबरोबर पंचवीस तारखेला एकदमच मोठी मागणी लावायची होती, म्हणजे कापून तरी पुरेशा येतील. मधल्या बारा दिवसांत कोणी येणार नाही, असं मी धरलं होतं. कोर्टात मी शपथेवर सांगितलं की मागणी गेली होती, माल आला नाही.

मला तुमच्याकडून काही नको. पण हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

दीपमाला


कारागृह,
२० जून २०२४

दीपमाला मॅडम,

पत्र मिळालं त्या दिवशी जेवलो नाही. तुमच्यासाठी काहीतरी वाईट लिहिलं होतं, ते गिळून टाकलं, खरंच कागद चावून गिळला. मनकर्णाबाई जगली ते बरं झालं, हे लिहायला मले तीन दिवस लागले. बरं झालं.

आता माझं ऐका. मीही शपथेवर सांगितलं होतं. म्हटलं होतं, काजलले दोन वाजता साप चावला अन् पाऊण तासात दवाखान्यात आणली.

चावला साडेबाराले. ती आमच्या वावरात निंदणाले गेलती. तिनं फोन केला, म्हणे, "काहीतरी चावलं जी, पाय भणभण करून राह्यला. येता का?" मी म्हटलं, "सावलीत बस, येतो." माझ्या फेरीतली तीन दुकानं राहिली होती. त्यातल्या एकाच्या घरी लग्न होतं, त्याचा चहापत्तीचा माल मी कबूल केलता. गाडीत गुलाब होता. तो म्हणाला, "भाऊ, आधी वहिनीकडं चला." मी त्याले आईवरून शिवी दिली. माझ्या बेचाळीस दुकानांत माल कधी उशिरा गेला नाही, हे मी लोकाईले छाती फुगवून सांगत होतो. तीनही दुकानं केली. दुसऱ्या दुकानात तिचा फोन पुन्हा आला. मी उचलला नाही, खोकी मोजत होतो. वावरात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती.

सव्वादोन तास, मॅडम. तुमचे बारा दिवस अन् माझे सव्वादोन तास.

वकिलानं सांगितलं होतं, शोकात भान नव्हतं असं म्हण. भान होतं. रिकामा कप्पा पाह्यला तेव्हा मले पहिल्यांदा सुटल्यावाणी झालं. आता दोष तुमचा होता. तुमाले मारताना मले बरं वाटत होतं. बाबारावले मारलं तेव्हाही. त्याच्या कानामागं स्टँड बसला, तो पडला, तरी माझा हात वर होता. गुलाबनं धरला म्हणून दुसरा बसला नाही.

अश्विनले हे सांगायचं आहे. संचित रजेसाठी अर्ज टाकला आहे. मिळाली तर दिवाळीच्या आधी चौदा दिवस. मी त्याच्या घरी जाणार.

निकेश


१४ जुलै २०२४

निकेश,

येऊ नका.

तुम्हाला वाटतं, जाऊन सांगितलं की सुटलो. अश्विनला ऐकायचं काही नाही. त्यानं कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून घेतलाय. सरपणासाठी म्हणतो, पण त्यांच्या घरी गॅस आहे. आई तानाबाई दोन महिन्यांपासून कुऱ्हाड लपवते आणि तो शोधून काढतो. तिनं मला विचारलं, "तो माणूस कवा सुटणार हाये वं?" मी म्हटलं, अजून खूप वर्षं. हे तिसरं खोटं झालं.

पहिलं मात्र मी धुतलं. वरिष्ठांना लेखी दिलं, दहा बाटल्या विनानोंद दिल्या, मागणी गेलीच नव्हती, कोर्टात खोटी साक्ष झाली. चौकशी लागली आहे. आर्वीकडं बदली झाली, पगारवाढ थांबली, खटलाही होईल म्हणतात. आई अल्लीपूरहून येऊन रडली. म्हणाली, "डोळा गेला, हात गेला, आता नोकरी बी तूच घालव."

जाताना लाल डबा नव्या बाईंना समजावून दिला. त्या हसल्या. मग त्यांनी लाल डब्यातली एक बाटली काढून, हात लागताच मागणी कशी भरायची, ते स्वतः करून पाहिलं.

गुलाबनं तुमचा वर गेलेला हात धरल्याची तुमच्या पत्रातली गोष्ट मी अश्विनला सांगितली नाही. तुम्ही ती सांगायला येऊ नका. लिहून पाठवा.

दीपमाला


२९ ऑक्टोबर २०२४

दीपमाला मॅडम,

हे पत्र बहीण रुचिकाच्या हाती देतो आहे. दवाखान्यात पोलीस बसला आहे. रुचिकाच लिहून राह्यली, माझा उजवा हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये आहे. तीन बरगड्या अन् जबडा.

मी अश्विनच्या अंगणात उभा राहिलो, "मी निकेश" म्हटलं, अन् दोन फटके मले आठवतात. पुढचं नाही. तुम्ही तिथं होत्या म्हणे. पोलिसाले मी सांगितलं, पिकअपच्या मागच्या फाळक्यावरून पडलो. तुमचाही जबाब घेतील. तुम्ही हेच सांगा. त्या पोराले जेल दाखवू नका. मी पाह्यलं आहे ते. हे एवढं माझं ऐका.

निकेश


२ नोव्हेंबर २०२४

निकेश,

तुमची रजा मंजूर झाल्याचं रुचिकानं मला कळवलं होतं. म्हणून मी आर्वीहून पहिल्या गाडीनं निघाले. तुमच्या दहा मिनिटं आधी पोचले. ती दहा मिनिटं मी अश्विनशी बोलण्यात घालवली आणि काही उपयोग झाला नाही.

तुम्ही नाव सांगितलं. अश्विन पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता. विळा त्यानं खाली ठेवला. भिंतीला टेकलेली कुऱ्हाड घेतली, ती उलटी धरली, पातं मागं. मी पाहिलं ते. पहिला फटका खांद्यावर. तुम्ही हात वर केला नाही. दुसरा तोंडावर. तुम्ही गुडघ्यावर आला आणि मग आडवे. तुम्हाला एवढंच आठवतं.

मग त्यानं कुऱ्हाड फिरवून सरळ धरली.

मी ओरडले आणि माझ्या धड हातानं त्याचा शर्ट धरला. त्यानं मला झटकलं, मी शेवंतीच्या कुंडीवर पडले. तेवढ्यात तानाबाई घरातून आल्या. तुमच्यावर जाऊन पालथ्या पडल्या, जसं अंथरूण टाकतात तसं. कुऱ्हाड खाली येतच होती. त्यानं ती शेवटच्या क्षणी वळवली, तरी दांडा त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

"माय," म्हणाला तो. बस.

तानाबाई तुमच्या अंगावरून उठल्या नाहीत. तशाच पडून म्हणाल्या, "माह्या मालकाले चौदा दिवस पाणी गेलं नाई. तू बी तिथं होता. आता तेच दुसऱ्याच्या घरी करतो काय?"

१०८ला तासभर लागेल म्हणाले. अश्विननं कुऱ्हाड टाकली, तुम्हाला खांद्यावर घेतलं, तुमच्याच पिकअपच्या हौद्यात निजवलं. आईला पुढं बसवलं. मी मागं तुमचं डोकं मांडीवर धरून होते, जबड्याला माझी ओढणी बांधली होती. तो गाडी चालवत होता आणि मोठ्यानं रडत होता. दवाखान्याच्या दारात तो स्वतः पोलिसांकडं गेला. ते त्याला काही विचारेनात, कारण तोवर कोणी तक्रारच दिली नव्हती. शुद्धीवर आल्यावर तुम्ही फाळक्याची गोष्ट सांगितली आणि ते त्याला घरी जा म्हणाले.

तो गेला नाही. बाकावर बसून राहिला.

काल मी तानाबाईंना तुमचा निरोप सांगितला, की फाळक्यावरून पडलात असंच सगळ्यांनी म्हणायचं. त्या खाटेवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी माझ्या गेलेल्या डोळ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मारणारा एक पोटचा निंघाला माह्या, तेवढा पुरे. खोटं बोलणारं कोणी नको." आणि आज सकाळी त्यांनी जमादाराला बोलावून स्वतःचा जबाब दिला. मुलाचं नाव घेऊन. उलटी कुऱ्हाड, सरळ कुऱ्हाड, सगळं. शेवटी त्यानं ती वळवली, हेही. अश्विन शेजारी उभा होता. आईचं बोलणं संपल्यावर त्यानं जमादाराला म्हटलं, "बरोबर सांगितलं तिनं."

त्यानंतर माझा जबाब झाला. मी पाहिलं तेवढं सांगितलं.

तुमचा पुन्हा घ्यायला ते सोमवारी येतील. त्या दिवशी तुम्ही त्याच्या घरी कशाला गेला होतात, हे ते विचारतील. तीन दुकानांपासून सुरुवात करा. तोवर अश्विनला अटक नाही म्हणतात; तो बाहेर बाकावर असेल, त्याला आत बसू द्या म्हणून मी विनंती केली आहे.

दीपमाला